समोरच्या टेबलाची खातरजमा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजपासून कारखान्याचं ऑफिस माझ्याकडे आलं. जुने हिशेबनीस निवृत्त झाले. मी ग्रंथालयातली नोकरी सोडून घरी होतेच. बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "घरातलं माणूस असलं की बरं." म्हणाले माझ्याकडे बघून, पण आवाज जरा चढा लावला होता. तो मागच्या टेबलासाठी होता.

मागच्या टेबलाशी आत्या बसतात. त्या बाबांच्या थोरल्या बहीण आणि कारखान्यातल्या निम्म्या भागीदार. आम्ही कापडदुकानांच्या काचेआड उभे असतात ते पुतळे बनवतो. पूर्वी त्यांना नाक, डोळे, भुवया असायच्या. मग बिनचेहऱ्याच्या पुतळ्यांची फॅशन आली आणि बाबांनी अंड्यासारखी गुळगुळीत डोकी बनवायला घेतली. आत्या म्हणाल्या, "डोळेच नाहीत तर गिऱ्हाइकाकडे बघणार कोण?" बाबा म्हणाले, "गिऱ्हाइकानं त्याच्याकडे बघायचं असतं. त्यानं नाही." शब्दानं शब्द वाढला आणि बोलणं थांबलं, ते आजतागायत. टेबलं अशी ठेवली आहेत की दोघं पाठीला पाठ करून बसतात. एकमेकांना काही सांगायचं असलं की मेल करतात, आणि प्रत ऑफिसला.

आजचा पहिला मेल, आत्यांकडून बाबांना: "खिडकी लाव." बाबांचं उत्तर: "कोणती?" खोलीत एकच खिडकी आहे. मी उठून लावली. दोन मालकांच्या पत्रव्यवहारात मी न विचारता हात घातला, हे बरोबर झालं का, असं दिवसभर वाटत राहिलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मोठी ऑर्डर पक्की झाली. एका कपड्यांच्या दुकानाच्या सगळ्या शाखांना नवे पुतळे हवे आहेत. त्यांनी आगाऊ पैसे पाठवले. ते तसेच रेझिनवाल्याला द्यायचे, म्हणजे कच्चा माल येईल. रेझिन म्हणजे पुतळ्याचं अंग ज्याचं असतं ते. बाबांनी आत्यांना मेल केला: "ही ऑर्डर हातची गेली तर कारखाना बंद करावा लागेल." आत्यांनी लिहिलं: "माहीत आहे. पाठ दुखते म्हणून सह्या अडवू नकोस."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवतो. म्हणाला, "दोन देशांमध्ये डोंगर असला तर समजू शकतो. यांच्यामध्ये दोन खुर्च्या आहेत."

सोमवार, १० फेब्रुवारी



सकाळी आत्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तसं त्यांनी शनिवारीच मेलवर कळवलं होतं. अकराच्या सुमारास त्यांच्या नावानं बाबांना मेल आला. "प्रिय भावा, पाठ कशी आहे? काळजी घे. रेझिनवाल्यांनी बँक बदलली आहे, नवं खातं खाली देते. पैसे आजच गेले तर माल लवकर निघेल. मी डॉक्टरकडे आहे, फोन घेता येणार नाही. तुझी ताई."

बाबांनी तो मनात वाचला. मग मोठ्यानं वाचला. मग मला उठवून स्क्रीनसमोर उभं केलं.

"पाठ कशी आहे, असं विचारलंय," ते म्हणाले.

"बाबा, खातं बदललंय असंही लिहिलंय. आत्या आल्या की एकदा विचारू या का?"

"काय विचारणार? 'तुम्ही भावाची चौकशी केलीत ती खरी का?' असं? इतक्या वर्षांनी ती दोन शब्द बरे लिहिते आहे आणि आपण तिच्यावर संशय घ्यायचा?"

मला ते पटलं नव्हतं. पण एका बहिणीच्या मायेवर शंका घेणारी मी कोण, असंही वाटलं. आणि मी पैसे पाठवले. बाबांच्या सांगण्यावरून पाठवले हे खरं, पण बटण दाबणारं बोट माझं होतं.

थोड्या वेळानं आत्या आल्या. निम्मं तोंड बधिर. मी म्हटलं, "आत्या, तुमच्या मेलप्रमाणे पैसे गेले." त्या म्हणाल्या, "ओअआ एअ?" बाबांनी मान न वळवता मला सांगितलं, "बरं झालं म्हणतेय." आत्यांनी बाबांच्या खांद्यावरून स्क्रीन वाचली, माझ्या हातातला पेन ओढून घेतला आणि पाकिटाच्या मागे लिहिलं: मी याला कधी प्रिय म्हटलंय?

मी लगेच बँकेत फोन केला. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या बाई फार शांत होत्या. म्हणाल्या, "आधी श्वास घ्या. नव्या खात्यावर मोठी रक्कम निघाली की आम्ही ती काही तास रोखून धरतो. अजून इथंच आहे. थांबवते." मी रडले. त्या म्हणाल्या, "रडा, पण रडता रडता पासवर्ड बदला." मग त्यांनी एकेक सांगितलं: रेझिनवाल्याला जुन्या नंबरावर फोन करा, सायबर पोलिसांत कळवा, आणि मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, तुमच्या मेलची प्रत परस्पर कुणाकडे जातेय का.

जात होती. ऑफिसला येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत एका अनोळखी पत्त्यावर जात होती, आणि ऑफिसला तर यांचा सगळाच पत्रव्यवहार येतो. दात, पाठ, रेझिन, सगळं त्याला तिथूनच कळलं. या दोघांचं भांडण एक परका माणूस कित्येक महिने बसून वाचत होता. "खिडकी लाव" वाचून त्याला काय वाटलं असेल?

संध्याकाळी बाबांनी टेबल आवरलं. निघताना दारात थांबले. "म्हणजे ते पाठीचं पण त्या चोरानंच लिहिलं?"

"हो, बाबा."

"हं," म्हणाले. चपला उलट्या पायांत घालून गेले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

राजीनामा लिहून दोन प्रती काढल्या आणि दोन्ही टेबलांवर ठेवल्या. आत्यांचं तोंड आता चालू आहे. म्हणाल्या, "हा खरा कशावरून? तुझ्या नावानं दुसऱ्या कुणी लिहिला असेल." आणि माझ्यासमोर फाडला. बाबांनी त्यांच्या प्रतीवर चहाचा कप ठेवला.

मग मी बँकेच्या बाईंशी बोलून ठरवलेला नियम दोघांना वाचून दाखवला. मेलमध्ये खातं, रक्कम, पत्ता किंवा घाई यांपैकी काही असेल, किंवा मेल नेहमीसारखा वाटत नसेल, तर ज्याच्या नावानं आला असेल त्याला तोंडी विचारायचं. त्या मेलला उत्तर देऊन विचारायचं नाही. माझ्यामार्फतही नाही, कारण माझं नाव घेऊनही कुणी लिहू शकतं. स्वतः विचारायचं.

दोघांनी मेलवर हरकत घेतली. आत्या: "तोंडी म्हणजे कसं?" बाबा: "हेच विचारतो."

मी उत्तर दिलं: "तोंडानं."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पहिली खातरजमा पार पडली. आत्यांनी वाहतूकदाराला द्यायच्या पैशांचा मेल केला. नियमात बसत होता. बाबा बराच वेळ खाकरले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "हा तुझा का?"

मागून आवाज आला, "माझा."

"कशावरून?"

"मी सांगतेय म्हणून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बँकेच्या बाई म्हणाल्या होत्या, फोनवर खात्री करताना फक्त खऱ्या माणसालाच माहीत असेल असा एखादा प्रश्न विचारावा, कारण हल्ली आवाजाचीही नक्कल होते. मी ते सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, ती इथं बसली आहे." मी म्हटलं, "आज बसल्या आहेत. उद्या बाहेरगावी असल्या तर? सवय लागायला हवी."

मी जरा अतीच करते आहे का? पण एकदा बोट भाजलं आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज आत्यांनी वाहतूकदाराच्या पुढच्या हप्त्याचा मेल केला आणि खातरजमेत अडचण आली. बाबांनी प्रश्न विचारला, "आईची निळी बरणी कुणी फोडली?"

"तू," आत्या म्हणाल्या.

"चूक. तू फोडलीस."

"मी? मी शाळेत होते! तू स्टुलावर चढलास, साखर काढायला."

"स्टूल धरलं कुणी होतं?"

"धरलं होतं म्हणून तू वाचलास. बरणीला कोण धरणार?"

प्रश्न मी निवडायला हवा होता का, की उत्तर आधी लिहून ठेवायला हवं होतं? नियमानुसार उत्तर चुकलं की मेल खोटा धरायचा. पण कुठलं उत्तर चुकलं हेच ठरेना. शेवटी मी दोघांना म्हटलं, बरणीचं बाजूला ठेवा, दुसरा प्रश्न घ्या. ते म्हणाले, नाही, आधी याचा निकाल लागू दे. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. डबे दोघांनी एकाच टेबलावर उघडले, कारण आत्यांना तोडलेलं वाक्य पूर्ण करायचं होतं.

पैसे दुपारी गेले. वाहतूकदार खरा निघाला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काळजी वाटते आहे. संशयास्पद मेल एकदम वाढले आहेत. गेल्या आठवड्यात एखाददुसरा होता, आता रोज येतात. बाबांनी आज तक्रार केली: "ताईच्या नावानं मेल आलाय, शेवटी 'आभारी आहे' लिहिलंय. ती असं लिहिणं शक्य नाही." खातरजमा केली. मेल आत्यांचाच निघाला. दुपारी आत्यांनी तक्रार केली: "याच्या नावानं विचारणा आली आहे, जुन्या चेहऱ्यांचे साचे अजून माळ्यावर आहेत का. हा साच्यांबद्दल विचारेल? नक्की कुणीतरी तोतया." तोही बाबांचाच निघाला. मग साचे खरंच आहेत का हे बघायला दोघं माळ्यावर गेले. खाली आले तेव्हा दोघांच्या केसांत जळमटं होती, आणि आत्यांच्या हातात एक जुना चेहरा होता, वर भुवया, खाली ओठ. बाबा म्हणाले, "ही आपल्या मावशीसारखी दिसते." आत्या म्हणाल्या, "मावशीवरूनच केली होती. तुला आत्ता कळलं?"

माझ्या मनात भलतीच शंका आली. चोर पुन्हा आत शिरला असेल तर? तो आता मालकांच्या स्वभावाला न शोभणारे मेल त्यांच्याच पत्त्यावरून पाठवत असेल तर?

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं तास-दीड तास सगळं तपासलं.

"ताई, कॉम्प्युटर स्वच्छ आहे. प्रत कुठंही जात नाही."

"मग हे मेल?"

"हे इथूनच गेलेत. या टेबलावरून त्या टेबलावर, आणि त्या टेबलावरून या टेबलावर."

"म्हणजे चोर ऑफिसच्या आतून लिहितो आहे?"

त्यानं दोन्ही टेबलांकडे पाहिलं. दोघंही कधी नव्हे ते मन लावून टायपिंग करत होते. "असं म्हणता येईल," तो म्हणाला. पैसे निम्मेच घेतले. का, ते कळलं नाही. मी उरलेले घ्यायला लावले.

शनिवार, १ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं, तो गंभीरपणे घेईल. तो उशीत तोंड खुपसून हसला.

"तुला हसू येतंय? तुझे वडील दिवसातून चार चार वेळा फसवणुकीच्या भीतीत जगताहेत."

"वडिलांचं वजन वाढलंय," तो म्हणाला. "काल शीळ घालत होते."

"ताण असला की काही माणसं शीळ घालतात. मी वाचलंय."

"तू हा नियम कधीही काढू नकोस," एवढंच तो म्हणाला. यात टोमणा असेल तर मला सापडला नाही.

शुक्रवार, ७ मार्च

सगळ्या गिऱ्हाइकांना आणि माल देणाऱ्यांना एक पत्र पाठवलं, टपालानं. आमचे मेल काही महिने चोरून वाचले जात होते. आमचं खातं बदललेलं नाही आणि बदलणार नाही. तसा मेल आला तर आमच्या जुन्या नंबरावर फोन करून विचारा. फोन आला तरी लगेच विश्वास ठेवू नका, कारण समोर दिसणारा नंबरही नकली असू शकतो. आमची चूक जगाला सांगायची तर कारखान्याची अब्रू जाईल, असं एकदा वाटलं. न सांगता गिऱ्हाइकाचे पैसे गेले असते तर मात्र जे गेलं असतं त्याला अब्रूच म्हणतात. दोघांनी सह्या केल्या.

आत्यांनी टेबल फिरवून घेतलं. म्हणाल्या, पाठीमागचा उजेड स्क्रीनवर येतो. बाबांनीही फिरवलं. त्यांचं कारण वेगळं, मान अवघडते. आता ते समोरासमोर आहेत. तोंडी विचारणं सोपं झालं, पण वेळ आणखी लागतो. आज एका खातरजमेला दुपारचे तीन तास लागले. मी बाहेर गोदामात होते, दोनदा आत डोकावले. पहिल्यांदा ते वडिलांच्या सायकलबद्दल बोलत होते. दुसऱ्यांदा कशाबद्दल ते कळलं नाही, कारण हसण्यामुळे दोघांनाही बोलता येत नव्हतं. मी नम्रपणे विचारलं, "ओळख पटली का?" आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "अजून नाही गं. हा फार पक्का तोतया आहे."

बुधवार, १९ मार्च

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

पुतळे तयार होऊन टेंपोत चढले. दुकानाच्या खरेदी विभागाच्या साहेबांना मी फोन केला. आत्या त्यांना खरेदीसाहेब म्हणतात. म्हटलं, माल निघतोय.

"छान. तुमचे उरलेले सगळे पैसे आज दुपारी जेवण झालं की सोडतो. नव्या खात्यात."

"कुठल्या नव्या खात्यात?"

"बघा, आला," ते बाजूला कुणालातरी म्हणाले. मग मला, "तुमच्या मेलमध्ये लिहिलंच आहे. एक बाई फोन करून पैसे थांबवायला सांगेल, तिचं ऐकू नका."

"ती बाई मी आहे!"

"तेच तर."

"साहेब, नंबर बघा. जुनाच आहे."

"नंबर नकली असू शकतो. कारखान्याच्या पत्रात स्पष्ट आहे. फार चांगलं पत्र होतं, आम्ही नोटीस बोर्डावर लावलंय. खातं बदलणार नाही असं त्यात होतं, पण त्यानंतर पोलिसांनीच ते बदलायला लावलं असं मेलमध्ये आहे."

मला क्षणभर बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. त्या पैशांतून कामगारांचे पगार आणि रेझिनचं उरलेलं बिल जायचं आहे. ते गेले तर गेटला कुलूप.

"मग खात्री कशी पटेल ते तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"दोन्ही मालकांना फोनवर आणा."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, मी बोलतोय. पैसे पाठवू नका," बाबा म्हणाले.

"असं नाही सांगायचं. आधी खातं जुनंच आहे ते सांग," आत्या.

"सांगतोय ना, ताई. जरा दम धर."

"तू दम धरतोस तेवढ्यात पैसे पोचतील पण."

"मग तूच बोल."

"बोलतेच. सरक. साहेब, याचं काही ऐकू नका, म्हणजे ऐका, पण माझ्याकडून ऐका." दोघांनाही हसू आलं, एवढ्या घाईत.

पलीकडून खरेदीसाहेब म्हणाले, "पकडलं! त्या दोघांचं आपसात बोलणं नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. सोंग काढायचं तर नीट माहिती तरी काढायची!" फोन बंद. पुन्हा लावला तर लागेना.

बाबा म्हणाले, "खरं आहे त्यांचं."

बँकेच्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, पैसे त्यांच्या खात्यातून जाणार, थांबवायचे त्यांनीच. जा, समोर उभ्या राहा. पूर्वी पुतळ्यांना भुवया काढणारे रंगारीकाका आता टेंपो चालवतात. त्यांच्या शेजारी हे दोघं बसले आणि मी मागे ब्लँकेटांत गुंडाळलेल्या पुतळ्यांमध्ये. मधल्या छोट्या खिडकीतून पुढचं ऐकू येत होतं.

"हे बघ," आत्या म्हणाल्या, "तिथं पोचलो की माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. तरच ओळख पटेल."

"तू सुरुवात केली नाहीस तर मी कशाला बोलतो?"

"आत्तापासूनच बंद. सराव राहील."

"बरं."

एक चौक गेला.

"ताई, पट्टा लावलास का?"

"गप्प बस म्हटलं ना?"

"पट्ट्याचं विचारतोय. ते बोलण्यात धरू नको."

"लावलाय. आता गप्प."

"बरणी तूच फोडलीस."

रंगारीकाकांना हसू आवरेना. टेंपो असा हलला की एक बिनचेहऱ्याचं डोकं निसटून माझ्या मांडीवर आलं. मी ते घट्ट धरून बसले. त्याला डोळे असते तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं. आत्यांचं म्हणणं काय होतं ते थोडं कळलं.

खरेदीसाहेब केबिनमध्ये हात पुसत होते. जेवण झालं होतं! स्क्रीनवर आमचं नाव, त्याखाली भलतंच खातं. ते आमच्याकडे बघत उठले. बाबा दरवाजाकडे तोंड करून उभे राहिले आणि आत्या कपाटाकडे.

बाबा मला म्हणाले, "तिला विचार, बिल आणलंय का."

आत्या मला म्हणाल्या, "त्याला सांग, त्याच्याच बगलेत आहे."

"तिला सांग, आवाज चढवायचं कारण नाही."

"त्याला सांग, ऐकू येत नाही त्याला आवाज चढवूनच सांगावं लागतं."

खरेदीसाहेबांचा चेहरा उजळला. "हेच ते!" ते मटकन खुर्चीत बसले. "हे खरे आहेत." आणि त्यांनी भरलेलं सगळं खोडलं. मी त्यांना मेलमधल्या आमच्या नावावर माउसचा बाण न्यायला सांगितला. नाव आमचं होतं, खाली उमटलेला पत्ता भलताच. चोरानं जुने मेल वाचून रक्कम, तारीख, सगळं बरोबर लिहिलं होतं. पैसे आमच्या जुन्या खात्यात माझ्यासमोर गेले. आत्यांनी कपाटाच्या काचेत बघत डोळे टिपले. बाबांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी खिशातला रुमाल मागच्या मागे पुढे केला. खरेदीसाहेब माल उतरवून घ्यायला गेले होते, म्हणून निभावलं.

येताना दोघं म्हणाले, आम्ही मागे बसतो, रिकाम्या टेंपोत पाय पसरता येतात. मी पुढे आले. मागे खरेदीसाहेबांची नक्कल चालली होती.

एक गोष्ट मात्र टोचते आहे. खरे आहोत हे पटवायला दोघांना खोटं वागावं लागलं आणि मी मधे उभी राहून निरोप दिले. नियमात मी स्वतःच लिहिलं होतं, माझ्यामार्फत नाही.

सोमवार, २४ मार्च

कामगारांचे पगार झाले. रेझिनवाल्याचं बिल झालं. सायबर पोलिसांनी ते दुसरं खातंही गोठवलं. बँकेच्या बाईंनी अशी सोय करून दिली की कुठलीही मोठी रक्कम निघताना दोन्ही मालकांच्या फोनवर विचारणा येते आणि दोघांनी हो म्हटल्याशिवाय पैसे हलत नाहीत. कॉम्प्युटरवाला पुन्हा येऊन गेला. सगळं स्वच्छ आहे म्हणाला आणि हसला.

तेव्हा मी सकाळी दोघांना लिहिलं की आता तोंडी खातरजमा थांबवायला हरकत नाही. रोजचे कित्येक तास वाचतील. मीच घातलेलं ओझं मीच काढावं, असं वाटलं.

बाबांचं उत्तर लगेच आलं: "धोका टळलेला नाही."

आत्यांचं: "उलट वाढलाय."

आणि खरंच, थोड्याच वेळात बाबांच्या नावानं आत्यांना मेल आला: "ताई, आज चार वाजता नदीकाठच्या बाकावर ये. कॉफी पाजतो." ठरावीक वेळ, ठरावीक जागा, ऑफिसातून बाहेर काढायचा बेत, वर आमिष. सगळी लक्षणं एकाच मेलमध्ये!

मी उभी राहून विचारलं, "बाबा, हा तुमचा का?"

बाबांनी चष्मा लावून वाचला. "छे. मी कशाला बोलावतो हिला?"

"म्हणजे तोतया," आत्या म्हणाल्या.

"मी पोलिसांना कळवू का?"

"नको, नको," दोघं एकदम म्हणाले. आत्या म्हणाल्या, "आधी तिथं कोण येतं ते तर बघू. त्याशिवाय कळवणार काय?"

"एकटीनं जाणं बरं नाही," बाबा म्हणाले. "मी येतो."

आत्यांनी केस विंचरले आणि बऱ्यापैकी नवा स्कार्फ बांधला, ओळखू येऊ नये म्हणून. बाबांनी टोपी घातली. मी दोघांना बजावलं की काही संशयास्पद दिसलं तर लगेच फोन करा, आणि कुणी काही पाजलं तर पिऊ नका.

दिवे लागल्यावर परत आले.

"कुणी आलं होतं?"

"नाही गं," आत्या म्हणाल्या. "एवढा वेळ बसलो. कुणी फिरकलं नाही."

"कॉफी पण आम्हीच घेतली," बाबा म्हणाले. "जागा सोडता येत नव्हती ना."

"उद्या परत जाऊन बसायला हवं," आत्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "हे लोक चिकाटीचे असतात."

या वयात दोघं कारखान्यासाठी किती खपतात! मी उद्या चारनंतर त्यांना दुसरं कुठलंही काम ठेवलेलं नाही.